जोत्याखालची पोकळी

मखमलाबादच्या पुढे, परवापर्यंत जिथे द्राक्षबाग होती
आणि बागेचे गंजके अँगल अजून कुंपणाला टेकून उभे आहेत,
तिथे खैरनार सरांचं घर चाललं होतं.
जमीन उताराची. पुढून तीन पायऱ्या,
मागून माणूस वाकून शिरेल एवढी पोकळी.
नकाशात मी तिला नाव दिलं नव्हतं.
नुसत्या तुटक रेघा.

सर म्हणाले, मुरूम टाकून बुजवून घ्या,
उंदीर होतील, एखादं जनावर शिरेल.
मी म्हणाले, बुजवायची नाही.
समोरासमोर झरोके ठेवू, जाळ्या लावू.
कशासाठी?

आता कसं सांगायचं.
रेडॉन म्हटलं तर एखाद्या टॉनिकचं नाव वाटतं.
म्हटलं, जमीन श्वास सोडते, सर.
उघड्यावर सोडला की वारा घेऊन जातो.
आपण घर बांधतो, म्हणजे तिच्या तोंडावर झाकण ठेवतो.
मग तो फरशीच्या फटीतून, पाइपाच्या कडेनं वर येतो
आणि एसी लावलेल्या बंद खोलीत
आपल्याशेजारी झोपतो.

पुंजाराम मिस्त्री थापी धूत ऐकत होता.
वास येतो का त्याला?
नाही.
रंग?
नाही.
डोकं दुखतं, चक्कर, काही?
काहीच नाही. वर्षानुवर्षं काहीच नाही.
"मॅडम, असा तर आमच्याकडं देव असतो."
सर मोठ्यानं हसले. म्हणाले,
आणि हा आपला काळा दगड, हा तसला नव्हे.
खरंच होतं. काळा दगड त्या मानानं सज्जन.
मीही वहीत तेवढंच लिहून ठेवलं होतं.

एप्रिलात वॉचमनच्या बायकोनं, पेठच्या जमनानं,
पोकळीतल्या दोन खांबांना झोळी बांधली.
सगळ्या साइटवर तेवढीच जागा गार.
एका अंगाला विटांचा ढीग, दुसऱ्या अंगाला फळ्या,
मध्ये पाच महिन्यांचं पोर, मुठी मिटून.
मी झोळीखाली मीटर ठेवलं. आठवडाभर.
आकडा भिववणारा नव्हता.
पण वर, उघड्या स्लॅबवरच्या आकड्याशेजारी लिहिला
तेव्हा पेन थोडं थांबलं.

विटा मी स्वतःच उचलायला लागले.
पुंजाराम आला, गुडघ्यावर बसला, आत डोकावला,
बराच वेळ.
"कांदाचाळ," म्हणाला.
विंचूरकडं वीसेक तरी बांधल्यात मी.
खाली दीड फूट मोकळं सोडायचं.
खालून वारा खेळला नाही, तर कांदा
दिसायला चांगला दिसतो, हातात घेतला की मऊ.
"आधी बोलायचं ना असं."
आणि माझ्या मापापेक्षा वीतभर मोठे झरोके
न विचारता फोडून दिले.
सरांनाही कांदा पटला. माझा तक्ता
टेबलावर तसाच पडून होता, त्यावर चहाचा डाग.

वास्तुशांतीला वर पंगत बसली होती.
मी देवापुढची एक उदबत्ती उचलून
पश्चिमेच्या झरोक्यापाशी धरली.
धूर क्षणभर घुटमळला, मग सरळ आत गेला,
कुणी हाताला धरून नेल्यासारखा.
घराला वळसा घालून पलीकडे जाऊन थांबले.
धूर काही दिसला नाही.
चंदनाचा वास तेवढा आला.

जमना आता शेजारच्या प्लॉटवर आहे.
तिथे अजून नुसता खड्डा.
झोळी कुठे बांधलीय
ते या भिंतीआडून दिसत नाही.