पाचर

सीताबर्डीच्या फुटपाथवरच्या रद्दीतून
गोवर्धन पौनीकरनं एक पान आणलं.
इटलीची गाडी, संत्र्याहून तांबूस,
माणसाच्या कमरेइतकीच उंच,
नाकापासून टपापर्यंत एकच तिरपी रेघ,
हवेत पाचर ठोकावी तशी.

मी तेव्हा त्याच्याकडे रिबेट ठोकायचो.
"एकच बनवली म्हणे. दाखवायले."
"चालते का?"
"थे नाही लिहिलं."

त्या एप्रिलात लोहा ओळीतल्या आमच्या दुकानात
कूलर तिरपे व्हायला लागले.
पत्रा पुढे उतरता, जाळी काचेसारखी कललेली.
पाणी एकाच कोपऱ्यात साचायचं,
खस घसरायची, पंप कोरडा ओरडायचा.
गिऱ्हाईक म्हणे, भाऊ, हा कूलर पळते का?
तो म्हणे, उभा हाय तरी पळून राह्यला. पाहा ना.

तीन विकले. दोन परत आले.

शेजारचे हसले,
आणि हसता हसता
आपल्या डब्यांचा वरचा काठ थोडा कापला,
पुढच्या उन्हाळ्यात अजून थोडा.

आता पार वाडीपर्यंत खिडक्या बघत जा.
कूलरच्या कपाळाला तो उतार आहे.
का, म्हणून विचारा,
सांगतील: धूळ बसत नाही.