उशिराचा दंड

ऑगस्टमध्ये ग्रंथालय बंद.
हा नियम कासिल्दाच्या आधीचा,
तिच्या आधीच्या ग्रंथपालाच्याही आधीचा.
तेव्हा ऑगस्ट म्हणजे नुसता उन्हाळा होता.

आता चौकात औषधाच्या दुकानावरची हिरवी पाटी
तारीख, वेळ, सेहेचाळीस,
तारीख, वेळ, सत्तेचाळीस
असं पुटपुटत राहते रिकाम्या रस्त्याला.
संत्र्याच्या झाडांची पानं द्रोणासारखी वळलीत.
हवामानाच्या नकाशात आंदालुसियाला जांभळा रंग आला;
लाल गेल्याच वर्षी संपला.

अख्ख्या गावात थंड खोली एकच,
विश्वकोशांच्या शेजारची.
जूनमध्ये तिनं अर्ज दिला:
दुपारी बारा ते आठ, कुणीही येऊन बसावं,
मला जादा पगार नको.
अर्जावर शिक्का बसला.
समितीनं चर्चाही बरी केली, इतिवृत्तात आहे:
विषय गंभीर. सप्टेंबरच्या बैठकीत घ्यावा.
आणि समिती समुद्राकाठी गेली.

(माणसं वाईट नाहीत. जाताना नगराध्यक्षांनी
तिला एक हातपंखा दिला,
पालिकेचं चिन्ह छापलेला. मागे लिहिलंय: पाणी प्या.)

सातुर्निनो रोज यायचा बंद दाराशी.
जन्मभर लोकांच्या घरांत फरशा बसवलेला माणूस,
पायरीवरच्या वीतभर सावलीत
जुलैचं वर्तमानपत्र पुन्हा वाचायचा,
फक्त फुटबॉलचं पान.
नऊ तारखेला आला नाही.
दहाला त्याच्या खिडकीची झडप कुणी उघडली
ते गावाला माहीत आहे.
ओली चादर दारावर टांगलेली होती, म्हणतात,
वाळून पापड झालेली.

अकराला कासिल्दानं कुलूप काढलं.
किल्ली तिच्याकडेच होती की इतके दिवस.
हे ती कुणाला सांगत नाही,
पण रात्री दोनला उठून बसते.

चौदाजण आले. प्राक्सेदेसबाई कॅनरीचा पिंजरा घेऊन आल्या.
वाचलं कुणीच नाही.
चपला काढून सगळ्यांनी तळपाय फरशीला टेकवले,
आणि कितीतरी वेळ कुणी बोललं नाही.
यंत्र मागच्या गल्लीत आपली धग ओकत होतं.
तेही कासिल्दाला दिसत होतं.

सप्टेंबर. बैठक.
विषय क्रमांक एक: विनापरवाना वापरलेली वीज.
विषय क्रमांक नऊ: उष्णता, वेळ उरल्यास.
सभागृहात इतका गारठा
की चिटणिसानं खांद्यावर स्वेटर घेतलेला.

काही म्हणायचंय का, त्यांनी तिला विचारलं.
तिनं पिशवीतून एक कार्ड काढलं.
म्हणाली, याच्या नावावर एक पुस्तक आहे,
टरबुजांच्या लागवडीचं. मुदत एकतीस जुलै.
दिवसाला पाच सेंट दंड चढतोय.
कुणाच्या नावावर लिहू?

खुर्च्या करकरल्या.
चिटणिसानं लेखणी उचलली,
कार्डाकडे न बघताच विचारलं:
आडनाव?