कूस

किसुमूत, सरोवराच्या धक्क्यावर
अपोंडी पहाटेची मासळी नोंदवते:
होडी, वजन, भाव, उधारी.
बोटांना खवले, म्हणून करंगळीच्या पेरानं.

अठरावी होडी लिहिली
आणि आकडे मोठे दिसावेत म्हणून
फोन आडवा केला.

कोरं पान.

दुपारी ओल्या चपलांनी ऑफिसात आली.
"ओगुटू, झोपेत कूस बदलली
तर माणूस नाव विसरतो का?"

काय सांगू तिला,
की फोन वळतो तेव्हा पडदा वळत नाही,
मरतो.
त्याच जागी दुसरा जन्मतो,
ज्याला अठरा होड्या कुणी सांगितलेल्याच नसतात.

रात्रभर बसलो.
मरणाऱ्याकडून एक गाठोडं बांधून घेतलं,
येणाऱ्याला बजावलं, आधी हे सोड.
सात ओळी. चहा तीनदा गार.

सकाळी ती फोन उभा, आडवा, उभा
करत राहिली. आकडे जागचे हलेनात.
"आणि कालच्या?"

त्या गेल्या, म्हणालो.

तिनं डोळे मिटले, एकेक होडी सांगू लागली.
मी टाइप करत गेलो.
चौदावीपाशी अडली.
खुर्चीतच कूस बदलून बसली.
"ओदेराची," म्हणाली. "एकवीस किलो. उधार."