आरसा काढल्यावर

रावपुऱ्यात केतनभाईंच्या दुकानातल्या
काचेच्या कपाटाला किल्ली लागते, तो आवाज
अठरा वर्षं ओळखीचा आहे.
तरी आज हात पँटला पुसून मगच पुढे केला.

हलकी आहे. इतकी, की संशय यावा.
आत आरसा नाही, ते म्हणाले,
एखाद्या घरात आता कोण नाही
हे सांगतात तितक्या हळू.
मग चहात बिस्किट बुडवत नेहमीचं वाक्य :
"बॉडी तो भाडुआत छे, भाई. घरधणी तो लेन्स."

घरी येऊन चारुशीलेची बँकेची जुनी डायरी घेतली,
मागच्या पानापासून रेघा मारल्या.
यंदा बॉडी, आणि जुन्या काचांसाठी अ‍ॅडॅप्टर.
पुढच्या नवरात्राआधी पस्तीस,
म्हणजे नऊ रात्री तिच्यावरच निघतील,
गरब्याच्या मैदानात, जिथे सगळं फिरतं
आणि चणियाचोळीवरचे आरसे तेवढे नजर धरतात.
त्यानंतरच्या लग्नसराईत पंच्याऐंशी,
वधूसाठी. वधूची आई कोपऱ्यात जाते तेव्हासाठी.
सत्तर-दोनशे एकोणतीसच्या आधी नाही,
तोवर भाड्याने, मुर्तझाकडून, डिपॉझिट न घेता देतो म्हणून.
आणि पेटीतलं काय काय विकायचं
त्याची दुसरी, छोटी यादी. पेन्सिलीने.

कारण ही सोयरीक आहे.
माउंट एकदा ठरला की मानपान, रुसवेफुगवे
सगळे त्याच घराशी.
उद्या कंपनीने हात वर केले
तर माझ्या काचांनी कुणाच्या दारात उभं राहायचं?
मोडलेली एक सोयरीक घरातच आहे :
आप्पांची पन्नास, आत बुरशीची बारीक नक्षी.
तिला बसेल अशी बॉडी आता कुणी करत नाही.
ती दुसऱ्या यादीत मी घातलेली नाही.

चारुशीला कर्जाचा अर्ज वाचते तशी यादी वाचते,
बोट ठेवून, ओठ न हलवता.
"एकोणतीसला तू बावन्नचा."
हो.
"आणि गुडघा?"
म्हटलं, हलकी आहे, म्हणूनच तर.
"हा आकडा काय, सात की एक?"
मी डायरी लांब धरली. आणखी लांब.
तिने पेन काढून घेतलं
आणि यंदाच्या रकान्यात, बॉडीच्याही वर, लिहिलं :
डोळे तपासणे.

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
जुन्या कॅमेऱ्यात बटण दाबलं की आरसा उचलला जातो
आणि तेवढ्यापुरता डोळ्यापुढे अंधार.
टक्. मग पुन्हा उजेड.
म्हणजे जे जे टिपलं, ते सोडून
बाकी सगळं मी पाहिलं आहे.
सातशे लग्नं.
भटजींचा हात खाली आला, अंतरपाट सरला,
तो नेमका त्याच वेळी
माझ्यापुढे धरला जायचा.
घरी येऊन कॉम्प्युटरवर पाहायचो
दोन अनोळखी माणसांनी एकमेकांकडे कसं पाहिलं ते.
अल्बमचे पैसे पूर्ण घेतले. तक्रार कुणाचीच नव्हती.

केतनभाई म्हणतात, हेही खरं बघणं नव्हे,
आत इवलासा पडदा आहे,
त्यावरचं चित्र निमिषभर शिळंच.
असेल. दोन दिवस वापरायला दिली आहे,
उद्या संध्याकाळी परत, नाहीतर चेक.

रात्रीचे पावणेअकरा. जेवणाच्या टेबलावर ती,
ट्यूबलाइट, कॅल्क्युलेटर, हप्त्यांचा कागद.
मी डोळ्याला लावली. दाबलं.
अंधार झाला नाही.
तिने अंगठा ओला केला, पान उलटलं,
आणि ते उलटताना मला दिसलं.
पुन्हा दाबलं. पुन्हा दिसली.

"काढतोयस की नुसताच बघतोयस?"
तिने मान वर न करता विचारलं,
आणि हातचा एक
कागदाच्या कडेला लिहून ठेवला.