गावकीची भांडी

मारुतीच्या देवळामागची खोली.
किल्ली माझ्या करगोट्याला, अंघोळीतही.
आत तीन टोप (थोरल्यात पोरं लपतात),
सहा पराती, चौदा बादल्या, दोनशे अकरा ताटं
आणि डाव चार.
वहीत पाच आहेत.

ताटांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नावं कोरलेली,
देणाऱ्यांची, गेलेल्यांची.
हिलाल दर पंगतीत आईचं ताट शोधतो,
दरवेळी ते दुसऱ्याच्याच पुढ्यात येतं.
एकदा लांबून ओरडून विचारलं त्यानं,
माय जेवली का रे?
आणि सगळी पंगत हसली, तोही हसला,
मग भात मागितला.

श्रावणात कानबाई बसली भामऱ्यांच्या ओट्यावर.
नारळाला डोळे काढले, नथ घातली,
रात्रभर फुगड्यांनी सारवण उखडलं.
सोमवारी नदीवर नेली.
बोरीला पाणी घोट्याएवढं,
तरी बायांनी वाळू उकरून तिला पुरती बुडवली.
भांडी दिवेलागणीला परत आली, घासलेली, राखेच्या वासाची.
मी मोजली. पुन्हा मोजली.
ज्याला विचारावं तो कानबाईची आण घेई.
इतक्या आणा खऱ्या धरल्या
तर डाव आपल्या पायांनीच गेला म्हणायचा.
सुरतेची मंडळी मंगळवारच्या पॅसेंजरनं परतली,
त्यांना विचारायचं राहून गेलं.

मग थंडी.
निंबा मोतनच्या खळ्यात पऱ्हाट्या पेटल्या,
हातभर हिरवी वांगी वरून कोळसा, आतून लोणी.
बडगीवर मुसळ घालायला सुकलाल आणि आत्माराम,
बांधावरून तीन वर्षं अबोला असलेले चुलतभाऊ.
एकाचं वर जाई तेव्हा दुसऱ्याचं खाली,
ताल चुकला नाही, शब्दही निघाला नाही.
मी लिहिलं: एक परात, दोन बादल्या.
बाकीचं लिहायला वहीत रकाना नाही.

लग्नाला भाडं, बारशाला निम्मं,
दहाव्याला काही नाही.
माघात दहाव्याला तीनदा खोली उघडली.
चौथ्या डावानं वरण वाढताना
झेलाबाई म्हणाली,
पाचवा असता तर कढी गरम पोचली असती.
मला टोचलं. टोचायलाच म्हणाली होती.

चैत्रात गच्च्यांवर बिबड्या वाळल्या.
पातेलं नेणाऱ्या प्रत्येकीनं
परत देताना तळाशी चार बिबड्या ठेवल्या.
घरात बिबड्यांचा ढीग, डावाचा पत्ता नाही.

आखाजीला लेकी आल्या.
कडुलिंबाला झोके, घराघरांत घागर भरलेली,
आमरसाच्या बोटांनी सगळ्यांचे दरवाजे चिकट.
भर दुपारी हिलालची कोकिळा खोलीशी उभी,
पदराखालून काढला:
"तात्या, हाऊ गावना डाव.
मन्हा गठोडामा सुरतले उना व्हता."

तोंडावर आलेली शिवी मी गिळली,
कारण तिनं डावासोबत एक कागद पुढे केला.
साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, मागच्या बाजूला पेन्सिलीनं:
उधना, गल्ली नंबर चार.
दगाच्या पोराचं बारसं. साठ माणसं.
पौषात गच्चीवर भरीत, वांगी मनमानी महाग.
लूम बंद होते ते नऊ दिवस, खिचडी, रोज.
मथुराआत्या गेली, दहावा. भाडं नाही.

तेवढी एक ओळ मी दोनदा वाचली.
भाडं नाही.
पोरीला हे कोणी शिकवलं नव्हतं,
ती लहानपणी थोरल्या टोपात लपायची फक्त.

"भाडं किती व्हयनं?" तिनं विचारलं.
मी चष्मा पुसला, पुठ्ठा वहीत चिकटवला,
भाताच्या शितानं, दुसरं काही हाताशी नव्हतं.
मग डाव तिच्याच हातात ठेवला आणि लिहिलं:
एक डाव, उधना. परतीची तारीख: बघू.

खोलीत चार आहेत.
झेलाबाईला काय सांगायचं, ते अजून सुचलेलं नाही.