वाव

अष्टमीचा भांग. दिवाळ्याच्या धक्क्याला
पाणी चढतही नाही, उतरतही नाही.
गाळात निवट्या उडतायत, तेवढीच काय ती हालचाल.
बाबा होडीत आधी उजवा पाय ठेवतो,
डावा मग हाताने उचलून आत घेतो,
सामान घ्यावं तसा.

अश्विन अर्धा सरला की
डोंगराकडचं गोडं पाणी मागे हटतं,
खारं वर चढतं, करंदीला सोबत घेऊन,
आणि करंदीच्या मागे रावस.
हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही.
मी हसुराम नाखव्याची मुलगी,
कोकण भवनात टपालाच्या नोंदी करते,
आवक, जावक.
वल्हं धरलं ते गेल्या पौषात,
त्याचा डावा हात झोपला तेव्हापासून.

"पानी बग आदी, मंग गल टाक."
बघते.
दुसऱ्यांदा उकळलेल्या चहाचा रंग,
पुलाच्या खांबाशी एक भोवरा,
जो तो ओळखत नाही.

पलीकडे, उलव्याच्या अंगाला, टेकडी होती.
तिच्या माथ्यावरचा एकटा ताड
आणि अलीकडच्या देवळाचा कळस
एका रेषेत आले की खाली कोंड, चार वाव.
आज्यानं बाबाला दाखवलेली जागा.
टेकडी सपाट झाली. ताड कुठे गेला
ते ताडालाच ठाऊक.
बाबा अजून तिकडेच डोळे लावून
"हितं, हितं, थांबव" म्हणतो,
रेषेचं एक टोक देवळाला बांधलेलं,
दुसरं नुसतं आभाळात.

शिसं सोडते. दोरी बोटांतून सरकते
आणि फार लवकर सैल पडते.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की
या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत.
आमच्या माणसांनी खाडी अशीच मोजली,
छातीला लावून.
भिजली दोरी मी वर ओढते.
बाबा हात पसरतो.
उजवा जातो, पार वल्ह्याच्या टोकावरून पुढे.
डावा मांडीवरच,
उकडलेल्या कोळंबीसारखा आत वळलेला.
आम्ही दोघं थोडा वेळ त्या हाताची वाट बघतो.

मग मी उभी राहते. होडी डुगडुगते.
ओढणी कमरेला खोचून मी हात पसरते.
एक.
आणि पुन्हा जवळजवळ एक.
"पावणेदोन," मी म्हणते.
"पावनेदोन?" तो पाण्याकडे बघतो.
"मागल्या साली दीड भरलावता.
पानी वाढलं गो बाय."

माझे हात त्याच्याहून वीतभर तरी आखूड.
हे मी वल्ह्याला सांगते, मनात.

करंदी लावून गळ सोडला, दोरी त्याच्या तर्जनीवर.
रावसाला गळ्याखाली धागे असतात;
गढुळात तो डोळ्यांवर जात नाही,
धाग्यांनी तळ चाचपत चाचपत येतो.
वर बाबाही डोळे मिटून बसलेला.
दोघांच्या मध्ये पावणेदोन वाव,
म्हणजे दीड, म्हणजे
कदाचित तेवढंही नाही.

आधी दुधाची पिशवी आली. मग तासभर काही नाही.
एक विमान इतकं खालून गेलं
की मी मान खाली घातली, त्याने नाही.
सुकती लागता लागता बोट हललं.
रावसच. तळहाताच्या थोडा बाहेर येईल एवढा,
पोट चंदेरी, धागे अजून काहीतरी शोधणारे.
असलं पिलू तो पूर्वी हसत पाण्यात सोडायचा,
"जा, बापाला धाड" म्हणून.
आज त्याने ते ओल्या गोणपाटाखाली ठेवलं
आणि माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आईने विचारलं, मावरं किती?
बाबा म्हणाला, पानी पावनेदोन वाव हाय, मथुरा,
खाडी परत खोल चाललीय.
आईने माझ्या हाताखाली पाणी धरलं,
खांद्यापासून बोटांपर्यंत
दोन्ही हात एकदा नीट बघितले,
आणि काही न बोलता
तांदूळ धुवायला घेतले.