पाचवी गादी

दिवाळ्याच्या जेटीवर आता पक्षी बघणारे येतात.
फळी बोचते, म्हणाल्या एक बाई,
म्हणून निघालो गाद्या शिवायला.

वाशीच्या सोफेवाल्यानं अल्बम उलगडला:
जांभळी मखमल, सोनेरी काठ.
हात फिरवला, लग्नाच्या हॉलचा वास आला.
तुर्भ्यात रेक्झिन स्वस्त,
पण दोन उन्हाळ्यांत पापुद्रे सुटतात
आणि दुपारी मांडीला चिकटतं.

कळंबोलीत ट्रकच्या सीटा शिवणारा मुश्ताक
कापडच दाखवेना.
होडी किती भिजते?
म्हटलं, रोज.
"मग पाणी आत येणारच.
जायला वाट कुठून ठेवू, ते सांगा."
तिथंच ॲडव्हान्स दिला.

खाली जाळी. नायलॉनचा दोरा.
चेन प्लास्टिकची, लोखंडाची खारी हवेत टिकत नाही.
फोम असा, की पाणी धरून ठेवत नाही.
रंग मी निवडला, खाडीच्या चिखलाचा.

पाच शिवल्या. चार लागल्या.
सुकाणूपाशी बाबाची फळी उघडीच.
"गादीव बसलू,
त चिखलाला तल लागलेला कलंल कसा?"

पाचवी घरी आहे.
आय तिच्यावर बसून कोलंबी सोलते.